थोडे दिवस

“एक घड्याळ काढा,” मी म्हटलं. “गोल काढा, आत सगळे आकडे लिहा, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवा.”

मारिसेलाने वडिलांना ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. एलिसेओ बार्रागान यांनी पेन्सिल उचलली, मोठ्या निगुतीने गोल काढला. हात जराही थरथरला नाही. मग बाराचा आकडा लिहिला, त्याच्या उजवीकडे एक, दोन, तीन, आणि तसेच पुढे जात बाराच्या बारा आकडे त्यांनी उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले. डावा अर्धा भाग कोरा राहिला. कागद माझ्यासमोर सरकवून ते खुर्चीत मागे टेकले. पेपर लवकर सोडवून झालेल्या विद्यार्थ्याचं समाधान चेहऱ्यावर होतं.

“सगळं आलं? काही राहिलं नाही ना, विचार त्यांना.”

“काही राहिलं नाही म्हणतात,” मारिसेला म्हणाली. ती कागदाकडे बघत नव्हती.

त्यांची बायको ओफेलिया बघत होती. तिने एकदाच बघितलं आणि मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरला.

याला आता बारा वर्षं झाली. मी मूळची मिरजेची, हेमलता धामणकर. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातल्या एका गावात डोळ्यांची डॉक्टर म्हणून काम करते. मेंदूला मार बसल्यावर ज्यांच्या दृष्टीचं काही बिघडतं, ते माझ्याकडे येतात. या खोऱ्यात पीच, बदाम आणि द्राक्षांच्या बागा आहेत, आणि बागांत राबणारे बहुतेक मेक्सिकोतून आलेले. एलिसेओ मिचोआकानचे. तीस वर्षांपूर्वी आले, पीचची छाटणी करता करता मुकादम झाले. वय तेव्हा चौपन्न. तिथे वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी मानाने ‘दोन’ लावतात. मराठी कानाला ते आकड्यासारखं वाटतं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना एलिसेओराव म्हणायचे. डिसेंबरातल्या छाटणीच्या वेळी ते शिडीवरून पडले. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव झाला. महिन्याभराने चालत घरी गेले, सगळ्यांनी देवाचे आभार मानले, आणि जानेवारीच्या शेवटी ते माझ्यासमोर येऊन बसले.

त्यांचे डोळे ठणठणीत होते. बिघाड मागे, मेंदूत होता. दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा डावा अर्धा भाग गेला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो गेल्याचं त्यांना कळत नव्हतं. आपल्या पाठीमागचं आपल्याला दिसत नाही, पण म्हणून पाठीमागे अंधार आहे असं काही आपल्याला वाटत नाही. त्यांच्या डावीकडचं जग तसं झालं होतं. काळं नाही, धूसर नाही. नव्हतंच.

“घरी काही वेगळं जाणवतं का?” मी ओफेलियाबाईंना विचारलं.

त्या मुलीशी बराच वेळ बोलल्या. मारिसेलाने तिच्या कोरड्या, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या मुलीच्या इंग्रजीत सांगितलं, “आई म्हणते, बाबा ताटातलं अर्धंच खातात. परवा म्हणाले, आता बीन्स वाढत नाहीस का मला? आणि बीन्स ताटात होते.”

“डावीकडे?”

“हो.”

ओफेलियाबाई पुन्हा काहीतरी म्हणाल्या, या वेळी खालच्या आवाजात. मारिसेलाने मान हलवली आणि आईला गप्प केलं.

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. आईचं आपलं काहीतरी.”

“मला ऐकायचंय.”

मारिसेलाचे कान लाल झाले. “आईने त्यांच्यावरून अंडं ओवाळलं. डोक्यापासून पायापर्यंत. मग ते पाण्याच्या ग्लासात फोडलं. आमच्या गावाकडे करतात. तुम्ही मनावर घेऊ नका.”

“काय निघालं ग्लासात?” मी थेट ओफेलियाबाईंना विचारलं. माझं स्पॅनिश तेव्हा मोडकंतोडकं होतं. वर बघा, खाली बघा, दुखतं का, एवढं बोलायची मी.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “डोळा.”

मी मारिसेलाला म्हटलं, “आईला सांग, आमच्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात आणि चुलीत टाकतात. तडतडल्या की दृष्ट लागली होती म्हणायचं. मला शाळेत परीक्षेच्या दिवसांत माझी आत्या दर शनिवारी ओवाळायची.”

ते ऐकून ओफेलियाबाईंनी टेबलावरून हात लांब करून माझं मनगट धरलं. एलिसेओराव मोठ्याने हसले आणि म्हणाले, आमच्या घरात एक होती, आता डॉक्टरही तसलीच मिळाली. खोलीतली हवाच बदलली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. माझे सहकारी भले लोक होते, पण त्यांच्यापैकी कुणी त्या अंड्याचं ऐकून भुवई उंचावल्याशिवाय राहिलं नसतं. मला वाटायचं, या माणसांना मी आतून ओळखते. हे गोरे लोक कधी ओळखणार नाहीत, इतकं.

मग मी मुद्द्यावर आले.

भिंतीवर निळा फोन होता. दुभाष्याचा. तो उचलायचा, भाषा सांगायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग कुठल्यातरी दूरच्या शहरातून एक आवाज यायचा. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर घरच्या माणसाकडून भाषांतर करून घ्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. बाहेर चार पेशंट खोळंबले होते. मी फोनकडे हात नेला तेव्हा एलिसेओराव म्हणाले, कशाला? माझी मुलगी त्या फोनमधल्या बाईपेक्षा चांगलं इंग्रजी बोलते. बोलताना त्यांनी मारिसेलाच्या पाठीवर थाप मारली.

मी हात मागे घेतला.

“मारिसेला, हे नीट सांग,” मी म्हटलं. “त्यांनी गाडी चालवायची नाही. त्यांना डावीकडचं काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्यांना कळत नाही. नुसती काळजी घेऊन भागणार नाही. गाडी बंद. कदाचित कायमची.”

तिने मान हलवली. वडिलांकडे वळली. तीन-चार वाक्यं बोलली, हळू, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. एलिसेओरावांचा चेहरा आधी पडला, मग सावरला. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

“समजलं त्यांना?”

“समजलं,” मारिसेला म्हणाली.

मी नोंद केली. डाव्या बाजूकडे वळून बघायची सवय लागावी म्हणून व्यायाम लिहून दिले, सहा आठवड्यांनी बोलावलं. जाताना ओफेलियाबाईंनी माझ्या गालाला हात लावला.

फेब्रुवारीत या खोऱ्यात धुकं उतरतं. जमिनीतून वर आल्यासारखं येतं आणि दुपारपर्यंत हटत नाही. बागांतली पानं झडलेली असतात, छाटलेली झाडं नुसत्या खुंटांसारखी उभी असतात. आमच्या दवाखान्याच्या दिव्यांना सकाळी अकरालाही विझायची मुभा नसते. तशाच एका सोमवारी आमच्या व्यवस्थापक बाई माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“बार्रागान तुझा पेशंट ना?”

आदल्या दिवशी, रविवारी, चर्चच्या आवारात अपघात झाला होता. एलिसेओरावांनी पिकअप बाहेर काढला. गर्दी होती म्हणून त्यांचे कोम्पाद्रे, निकानोर सेपेदा, गाडीच्या डाव्या अंगाला उभे राहून हाताने खुणा करत होते. आता या, आता थांबा. कोम्पाद्रे म्हणजे आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभा राहिलेला माणूस, आणि ते नातं सख्ख्या भावाहून कमी नसतं. निकानोर हे मारिसेलाचे धर्मपिता. दोघं एकाच गावचे, एकाच वर्षी सीमा ओलांडून आलेले. एलिसेओरावांनी गाडी डावीकडे वळवली. वेग माणसाच्या चालीइतका होता. निकानोर मागे पडले आणि त्यांचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं.

“जिवंत आहेत?”

“आहेत. पण…” व्यवस्थापक बाईंनी समोरचा कागद सरळ केला. “मी तुझी नोंद वाचली. ‘पेशंटला व घरच्यांना गाडी न चालवण्याबद्दल स्पष्ट सांगितले, मुलीने भाषांतर केले, समजल्याचे सांगितले.’ दुभाषी घेतला नाहीस त्याबद्दल बोलणी बसतील. बाकी चोख आहे. घाबरू नकोस.”

मी घाबरले होते, आणि त्यांनी तसं म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. ते मला स्पष्ट आठवतं.

निकानोर नवव्या दिवशी गेले.

पोलिसांनी एलिसेओरावांचा परवाना जप्त केला. वकील आला, चौकशी सुरू झाली. त्या सगळ्यात एलिसेओराव प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते, आणि ते माझ्या कानांपर्यंत तीन वेगवेगळ्या माणसांकडून आलं. तिथे कोणी नव्हतं. मी बघितलं, कोणी नव्हतं. पोलिसांना सांगितलं, पाद्र्यांना सांगितलं, निकानोरच्या बायकोला, एउलालियाला, तिच्या नवऱ्याच्या शवपेटीशेजारी उभं राहून सांगितलं. तिने त्यांच्या तोंडावर पाठ फिरवली. अख्ख्या वस्तीने ते घडताना बघितलं होतं, निकानोर हात हलवत उभे होते हे वीस जणांनी पाहिलं होतं. एवढा मानाचा माणूस डोळ्यांदेखत खोटं बोलतो, असं लोक म्हणू लागले. मुकादमाला कामावर परत घ्यायचा विषय निघाला, तर त्याच्याच हाताखालच्या माणसांनी नको म्हटलं.

ठरल्याप्रमाणे सहा आठवडे झाले आणि ते तिघे आले. एलिसेओराव खंगले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. या वेळी मी मुलीवरही विसंबले नाही आणि फोनवरही नाही. आमच्या दवाखान्यात ग्रासिएला नावाच्या साठीच्या बाई कायमच्या दुभाषी होत्या, पण त्या एकट्याच, म्हणून त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. त्या टेबलाच्या कडेला वही घेऊन बसल्या. त्यांना बघून मारिसेलाने कोट काढला नाही, नुसती खुर्चीच्या टोकावर टेकली.

“मला काही नको,” एलिसेओराव म्हणाले. “एक कागद द्या. माझे डोळे चांगले आहेत असा. मग लोकांना कळेल की मी बघितलं होतं.”

ग्रासिएलाबाईंनी ते जसंच्या तसं मला सांगितलं. आवाजात काही न घालता, काही न काढता.

तो कागद मला देता येत नव्हता. पण त्यांना ते सांगायचं म्हणजे काय, हेही मला कळत होतं. ते खोटं बोलले नव्हते, हे मी सिद्ध करू शकत होते. त्याच दमात हेही सिद्ध होणार होतं की निकानोर तिथेच होते, आणि ज्या माणसाला अर्धं जग दिसत नाही त्याने गाडी काढली होती. त्यांच्याकडे तोवर निदान तेवढं वाक्य होतं. कोणी नव्हतं. त्या वाक्याच्या आधाराने ते झोपत असतील.

मी ग्रासिएलाबाईंना म्हटलं, “ओफेलियाबाईंच्या कानात सांगा, नवऱ्याच्या डाव्या हाताच्या खुर्चीत येऊन बसा. बोलू नका.”

त्या उठल्या, नवऱ्याच्या पाठीमागून वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला बसल्या. दोन फुटांवर.

“एलिसेओराव, सरळ माझ्याकडे बघा. या खोलीत कोण कोण आहे?”

“तुम्ही. या दुभाषी बाई. माझी मुलगी.”

“आणि ओफेलियाबाई?”

“इथेच होती. बाहेर गेली असेल.”

“गेलेल्या दिसल्या?”

ते थोडे वैतागले. “मी लक्ष दिलं नाही. पण आत्ता इथे नाहीये.”

ओफेलियाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला होता. मी मान हलवली, तसा त्यांनी तो हात काढला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला.

ते दचकले. इतके, की खुर्ची मागे सरकली. मान वळवून त्यांनी बायकोकडे बघितलं, मग पुन्हा समोर बघितलं, आणि पुन्हा हळूच वळून बघितलं. ती होती. समोर बघितलं की नव्हती. पाच-सहा वेळा त्यांनी ते केलं.

“निकानोर कुठल्या बाजूला होता?” त्यांनी अखेर विचारलं.

ओफेलियाबाई म्हणाल्या, “या बाजूला.”

मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, “दोक्तोरा, तुम्हांला हे कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

ग्रासिएलाबाईंनी तो प्रश्न मला इंग्रजीत सांगितला. गरज नव्हती, मला कळला होता. मारिसेला माझ्याकडे बघत होती. तिने काही खूण केली नाही, डोळ्यांनी विनवणीही केली नाही. नुसती बघत होती.

मला व्यवस्थापक बाईंचा कागद आठवला. चोख आहे.

“मी सांगितलं होतं,” मी म्हटलं. “मारिसेलाला स्पष्ट सांगितलं होतं, गाडी चालवायची नाही. तिने तुम्हांला सांगितलं असेल असं मला वाटलं.”

ग्रासिएलाबाईंनी तेही सांगितलं. काही न काढता.

एलिसेओराव मुलीकडे वळले. ती उजवीकडे होती, त्यांना पूर्ण दिसत होती. ती घाईघाईने बोलू लागली. बाबा, मी किल्ली लपवली होती. तीन रविवार मीच चालवलं ना? त्या दिवशी माझी ड्यूटी होती, तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या कायमचं, ते मी तुम्हांला कसं सांगणार होते? तुम्ही नुकते घरी आला होतात, रात्री उठून बसत होतात. मी म्हटलं, आधी थोडं बरं होऊ दे, मग हळूहळू सांगू…

त्यांनी हात वर केला. ती थांबली.

स्पॅनिशमध्येही आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असतात. लहानपणापासून ते मुलीला तू म्हणत आले होते. आता अगदी शांतपणे, एखाद्या अनोळखी बाईशी बोलावं तसे ते म्हणाले, “तुम्ही बाहेर बसा.”

ती उठली आणि बाहेर गेली.

त्यानंतर ती माझ्या खोलीत कधी आली नाही. एलिसेओराव दर आठवड्याला येऊ लागले. ओफेलियाबाई, ग्रासिएलाबाई आणि ते. मी सांगेन तो व्यायाम ते निमूट करत. दारातून आत येताना मान डावीकडे फिरवायची, ताट फिरवून घ्यायचं, वाचताना ओळ जिथे सुरू होते तिथे लाल पट्टी ठेवायची. असा पेशंट मी दुसरा बघितला नाही. पहिल्याच महिन्यात ते एउलालियाच्या दारात गेले आणि त्यांनी तिला आपल्या डाव्या बाजूला उभं राहायला सांगितलं. मग समोर बघत म्हणाले, वहिनी, आत्ता तुम्ही मला दिसत नाही. तो तुमच्या जागी होता. तिने माफ केलं की नाही मला माहीत नाही. पण उन्हाळ्यात तिच्याकडून त्यांच्या घरी मक्याच्या पानांत वाफवलेले तामालेस आले, एवढं ओफेलियाबाईंनी मला सांगितलं.

चौकशी थांबली. कोर्टात माझा अहवाल कामी आला.

ही हकीकत मी दर वर्षी शिकाऊ डॉक्टरांना सांगते. पेशंटच्या घरच्यांना दुभाषी करू नका, हे त्यांच्या मनावर ठसावं म्हणून सांगते. अंड्याचं सांगते, बीन्सचं सांगते, बायको शेजारी बसून दिसत नव्हती हे सांगते, तेव्हा मुलं पेन खाली ठेवून ऐकतात. एक गोष्ट मात्र मी गाळते.

त्या पहिल्या दिवशी मारिसेला वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून काय म्हणाली, ते मला कळलं होतं.

माझं स्पॅनिश मोडकं होतं खरं, पण वेळेचे शब्द आम्हांला आधी शिकावे लागतात. औषध किती दिवस, पट्टी किती दिवस. ती म्हणाली होती, थोडे दिवस, बाबा. थोडे दिवस जपून चालवा. मी सांगितलं होतं कायमचं, आणि तिने सांगितलं थोडे दिवस. मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. मग मी तिला विचारलं, समजलं त्यांना? ती म्हणाली, समजलं. आणि मी मान डोलावून ते लिहून घेतलं.

का, तर मला तिची दया आली. माझ्या वडिलांना कॅन्सर झाला तेव्हा आम्ही तिघी बहिणींनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. डॉक्टर बोलायला लागले की मी मध्ये पडून विषय बदलायचे. अल्सर आहे बाबा, थोडे दिवस पथ्य पाळा. मारिसेलाच्या जागी मी बसून आले होते. बापाला असलं काही तोंडावर सांगता येत नाही, हे त्या दवाखान्यात माझ्याशिवाय कुणाला समजणार होतं? असं मला वाटलं. आणि बाहेर चार पेशंट होते, हेही होतंच.

मे महिन्यात मी तिच्या बँकेत गेले. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या पार्किंगमध्ये आली. तिने वॉशिंग्टन राज्यात बदली मागून घेतली होती. घरात वडील तिच्याशी अजून ‘तुम्ही’नेच बोलत होते, मीठ द्या, दार लावा, एवढंच.

“मला तुला एक सांगायचंय,” मी म्हटलं. “त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला कळलं होतं.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“कसं?” मी विचारलं.

“तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग मान डोलावलीत. आईच्या अंड्याचं तुम्हांला कळलं, म्हणजे हेही कळलं असणार, असं मला वाटलं. मला वाटलं, डॉक्टरांना चालतंय तर चालेल. नाहीतर रात्री तरी मी त्यांना सांगितलं असतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मी तुझ्या वडिलांना सांगते. उद्याच सांगते.”

“नको.”

“अगं, पण…”

“ते तुमच्याकडे दर आठवड्याला येतात. तुमचं ऐकतात. आई म्हणते, आता पायऱ्या उतरतात, एकटे कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. तुमच्यावरचाही विश्वास उडाला तर ते कुणाकडे जाणार?” तिने घड्याळ बघितलं. “माझं आता जे झालंय ते झालंय. त्यांचे डोळे राहू देत.”

तिचं म्हणणं मला पटलं. निदान तिथे उभं असताना पटलं. मी गाडीत येऊन बसले, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, फेब्रुवारीत वाटलं होतं तसंच, आणि त्या सुटकेची मला किळस आली. तरीही दुसऱ्या दिवशी मी एलिसेओरावांना काही बोलले नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

मारिसेला जूनमध्ये गेली. नाताळला ती घरी फोन करते, आईशी बोलते. तिला एक मुलगा झाला, त्याला आजोबांनी अजून बघितलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी एलिसेओरावांना वर्गात बोलावलं. दहा शिकाऊ डॉक्टर होते. ग्रासिएलाबाई निवृत्त झाल्या आहेत, आणि आता माझं स्पॅनिश चांगलं झालंय, त्यामुळे भाषांतर मीच केलं. एलिसेओराव सहासष्ट वर्षांचे झालेत. काठी असते, पण लागत नाही. त्यांनी व्यासपीठावर येताना मान डावीकडे फिरवून सगळी खोली बघून घेतली, मुलांना घड्याळ काढून दाखवलं, बारा आकडे गोलभर नीट. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी एका मुलाने विचारलं, “डॉक्टरांनी तुमच्याशी कसं वागावं असं तुम्हांला वाटतं?”

एलिसेओराव जरा विचार करून बोलले. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. बोलताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मुलं माझ्याकडे बघत थांबली.

“ते म्हणतात,” मी भाषांतर केलं, “माझ्या आजारपणात प्रत्येक जण माझ्याशी खोटं बोलला. माझ्या घरचेसुद्धा. या बाई एकट्या खरं बोलल्या. तुम्ही त्यांच्यासारखे व्हा.”

मुलांनी ते लिहून घेतलं.